मागे ठेवलेला खांब

‘खाण तशी माती’ ही म्हण मराठीत कुळाच्या आणि संस्कारांच्या संदर्भात योजली जाते. माणूस जेथून आला तेथले गुणावगुण त्याच्यात उतरल्यावाचून राहत नाहीत, असा तिचा आशय. जमिनीखाली उतरून खनिज काढणाऱ्यांच्या व्यवसायात मात्र ही म्हण उलट्या अंगाने खरी ठरते. तेथे माती तशी खाण असते. थर आडवा पसरला आहे की उभा घुसला आहे, माथ्यावरचा खडक ठिसूळ आहे की टणक, पाणी कोठून झिरपते, वायू कोठे साचतो, यांवरून खाण कोणत्या रीतीने खोदायची हे ठरते. आणि रीत ठरली की खर्चही पुष्कळसा ठरून जातो. हिशेबनीस आपली वही नंतर उघडतो. तिच्यातील बहुतेक आकडे भूगर्भाने आधीच लिहून ठेवलेले असतात.

भूमिगत खाणीपुढे पहिल्या दिवसापासून अखेरच्या दिवसापर्यंत एकच प्रश्न उभा असतो. खालचे काढून घेतल्यावर वरचे कशाने तोलून धरावयाचे? या प्रश्नाला माणसाने आजवर मुख्यत्वे तीन उत्तरे दिली आहेत. काही भाग न काढता खांब म्हणून मागे ठेवावयाचा, हे पहिले. सगळे काढून घ्यावयाचे आणि पाठीमागे छत कोसळू द्यावयाचे, हे दुसरे. काढलेल्याच्या जागी वाळू, दगड वा खडी भरून पृथ्वीचे देणे चुकते करावयाचे, हे तिसरे. खाणशास्त्राच्या ग्रंथांत पद्धतींची नावे पुष्कळ आहेत. परंतु ठेवणे, सोडून देणे आणि परत करणे या तीन क्रियांपलीकडे त्यांतील बहुतेक जात नाहीत. प्रत्येक क्रियेची किंमत निराळी असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती किंमत मोजणारा माणूसही बहुधा निराळा असतो.

भारतातील भूमिगत कोळसा प्रामुख्याने पहिल्या रीतीने निघाला. राणीगंज आणि झरिया, तसेच चंद्रपूर-यवतमाळच्या बाजूचे वर्धा खोरे, या सर्व क्षेत्रांत कोळशाच्या थरात परस्परांना छेदणाऱ्या गल्ल्या खोदावयाच्या आणि मधले चौकोन खांब म्हणून राखावयाचे, हीच जुनी वहिवाट. वरून पाहता आले असते तर ती नगररचना एखाद्या आखीव शहरासारखी दिसली असती, फक्त या शहरातील इमारती भरीव आणि रस्ते पोकळ. तिचे गणित साधे आहे. खांबाच्या केंद्रापासून शेजारच्या खांबाच्या केंद्रापर्यंत १२ मीटर अंतर आणि गल्ली ३ मीटर रुंद असेल, तर १४४ चौरस मीटरांपैकी ६३ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४४ टक्के कोळसा हाती लागतो. हेच अंतर ४० मीटर आणि गल्ली ४ मीटर केली, तर १,६०० पैकी ३०४ चौरस मीटर, म्हणजे अवघा १९ टक्के. मग कोणी ४० मीटरांचा खांब का ठेवावा? याचे उत्तर खोलीत आहे. ३०० मीटर खोलीवर दर चौरस मीटरावर सुमारे ७५० टन खडकाचे ओझे असते, आणि गल्लीवरचा भारही अखेर खांबांनाच पेलावा लागतो. म्हणून १९५७ च्या कोळसा खाण नियमांनी गल्लीच्या रुंदीला ४.८ मीटरांची मर्यादा घातली आणि खोलीबरोबर खांबाची जाडी वाढवत नेली. खाण जितकी खोल, तितका तिचा मालमत्तेतील वाटा लहान. पृथ्वी आपला भाग चढत्या दराने वसूल करते.

हा राखलेला कोळसा डोळ्यांदेखत सोडून द्यावयाचा, हे मानवी स्वभावाला मानवत नाही. गल्ल्यांचे जाळे सीमेपर्यंत पोचले की मागे फिरून खांब काढावयास आरंभ होतो. हे काम खाणीतील सर्वांत फायद्याचे आणि सर्वांत धोक्याचे. खांबाचे तुकडे करीत माघार घ्यावयाची, लाकडी किंवा लोखंडी टेकू द्यावयाचे, आणि छत बोलू लागले की मागे सरकावयाचे. जुने कामगार हे बोलणे कानांनी ओळखत. टेकूचे लाकूड करकरते, बारीक खपल्या गळू लागतात, आणि मग काही क्षणांची मुदत उरते. झरियाच्या बोलीत छताला ‘चाल’ म्हणतात. मराठीत चाल म्हणजे गती, खेळी किंवा गाण्याची रीत. तेथे चाल धसली म्हणजे माणूस गेला. एकाच शब्दाचे हे दोन प्रांत पाहिले की, भाषेचा भूगोल केवळ नकाशावर आखलेला नसतो, त्याला खोलीही असते, हे ध्यानात येते.

खर्चाचा विचार करताना सामान्य वाचकाच्या मनात टनाचा भाव असतो. अमुक टन माल, अमुक रुपये खर्च, असा सरळ भागाकार. भूमिगत खाणीचा खर्च या भागाकारात नीट बसत नाही, कारण त्यातील मोठा हिस्सा टनाचा नसून काळाचा असतो. वायुवीजनाचा पंखा सणाच्या दिवशीही फिरावा लागतो. पाणी सुटीचा वार जाणत नाही. पंप थांबला तर खाण बुडते. माणसांना खाली नेणारा पाळणा, त्याचा दोर, दोराची तपासणी, दिवे, वायूची मोजणी, बचाव पथक, ही सारी व्यवस्था हजार टन निघोत वा शून्य, उभी ठेवावीच लागते. त्यात अंतराची भर पडते. खाण वाढते तशी कामाची जागा कूपकापासून दूर जाते, आणि आठ तासांच्या पाळीतील मोठा वेळ चालण्यातच खर्ची पडतो. त्या चालण्यातून कोळशाचा एक कणही निघत नाही, पण पायांना ते काम नव्हे असे कोण म्हणेल? खाणीचे वय वाढणे म्हणजे ही वाट लांबत जाणे होय.

याच कारणाने खुल्या खाणीपुढे भूमिगत खाण टिकाव धरू शकली नाही. वरचा मातीचा थर प्रचंड यंत्रांनी ओरबाडून बाजूला केला की कोळसा उन्हात येतो. टेकू नको, पंखा नको, खांब ठेवणे नको. भूमिगत खाणीत एका माणसाच्या एका पाळीला एखाद-दीड टन कोळसा पडतो, खुल्या खाणीत त्याच्या दहापटीहून अधिक. राष्ट्रीयीकरणानंतरच्या दशकांत, म्हणजे प्रथम १९७२ साली स्टीलला लागणारा कोळसा आणि १९७३ साली उरलेला कोळसा सरकारकडे आल्यावर, वाढलेले उत्पादन बहुतांशी खुल्या खाणींतून आले. आज कोल इंडियाच्या एकूण कोळशात भूमिगत खाणींचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी आहे. हिशेबाच्या दृष्टीने हा निकाल बिनतोड आहे. मात्र खुल्या खाणीच्या स्वस्ताईत गेलेले रान, उठलेले गाव आणि ढिगाऱ्याखाली दडलेली काळी माती कोणत्या सदरात लिहिली जाते, हा प्रश्न त्या निकालात येत नाही. स्वस्त या शब्दाचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की, किंमत दुसऱ्याच्या खात्यावर पडली आहे.

झरियाचा इतिहास याची साक्ष देतो. तेथील कोळशाला १९१६ साली आग लागल्याची पहिली नोंद झाली. त्या काळी खाणी अनेक खासगी मालकांत विभागलेल्या होत्या आणि वरवरचा, सहज हाती येणारा कोळसा काढून मोकळे होण्याकडे कल होता. खांब बारीक केले गेले, पोकळ्या तशाच सोडल्या गेल्या, जमीन खचली, भेगांतून हवा आत शिरली आणि कोळसा धुमसत राहिला. पोकळ्या वाळूने भराव्यात हा उपाय ठाऊक होता. दामोदर नदीची वाळू पाण्याबरोबर नळांतून खाली सोडावयाची, फळ्यांच्या बांधाआड ती साठू द्यावयाची, पाणी निथळून पुन्हा वर उपसावयाचे. पण वाळू विकत घ्यावी लागते आणि पोकळी विकता येत नाही. म्हणून १९३९ साली खास कायदा करून कोळशावर कर बसवावा लागला, आणि त्या पैशातून भराईला साहाय्य देण्याची सोय झाली. ज्या खर्चातून टनाची भर पडत नाही तो खर्च माणूस आपणहून करीत नाही, ही कबुलीच या कायद्यात आहे. पुढे २००९ साली झरियाची आग आणि तेथील रहिवाशांचे पुनर्वसन यांसाठी केंद्र सरकारने ७,००० कोटी रुपयांहून अधिक रकमेचा आराखडा मंजूर केला, आणि २०२५ च्या जूनमध्ये ५,९४० कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर झाली. न भरलेल्या वाळूचे हे शंभर वर्षांचे व्याज आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दुसऱ्या रीतीचे, म्हणजे छत कोसळू देण्याचे, सुसंघटित रूप म्हणजे लाँगवॉल. शंभर-दीडशे मीटर लांबीची कोळशाची भिंत यंत्राने कापत जावयाची. माणसे आणि यंत्र पोलादी ढालींच्या छायेत राहतात, ढाली पुढे सरकतात आणि मागे छत पडते. युरोपात ही रीत रुळली. भारतात झरियातील मुनीडीह येथे १९७८ साली अशा यांत्रिक ढालींसह तिचा आरंभ झाला. मोठ्या आशा बाळगल्या गेल्या. परंतु येथे पुन्हा मातीने आपला शब्द खरा केला. आपल्याकडील पुष्कळ थरांवर जाड, कठीण वालुकाश्म पसरलेला आहे. तो आज्ञाधारकपणे तुकड्यातुकड्यांनी पडत नाही; अधांतरी लोंबत राहतो आणि मग एकदम कोसळतो. परदेशातून आणलेल्या ढाली अशा आघातांखाली काही ठिकाणी चेपल्या गेल्या. जी पद्धत एका भूमीत स्वस्त होती ती दुसऱ्या भूमीत महाग ठरली. साहित्यातील आयात केलेल्या सिद्धान्तांची गतही अनेकदा अशीच होते. पण तेथे चुकीची शिक्षा इतकी तत्काळ मिळत नाही.

तिसरी रीत, काढून घेतलेल्याच्या जागी काही परत ठेवण्याची, धातूच्या खाणींत अधिक दिसते. नागपूर-भंडारा पट्ट्यात आणि मध्य प्रदेशातील बालाघाटजवळच्या भरवेली येथे मँगनीजच्या उभ्या थरांत खालून वर एकेक टप्पा काढत जातात आणि मोकळी झालेली जागा वाळूने भरतात. भरलेली वाळू हीच वरच्या टप्प्याची जमीन होते. कामगार कालच्या रिकाम्या जागेवर आज उभा राहतो. खर्च अधिक, गती कमी. पण त्या भरावावर वरची भूमी विसंबू शकते.

कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींत तर भरावाचे काम बांधकामाच्या थराला पोचले. १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या पेढीने त्या चालविल्या. शिवनसमुद्राच्या धबधब्यावरील वीज १९०२ साली तेथे आणली गेली. सोन्याची शीर खाली खाली जात राहिली आणि तिच्यामागे माणसेही गेली, चँपियन रीफमध्ये ३ किलोमीटरहून अधिक खोल. त्या खोलीवर खडकाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. हवा थंड करून खाली पाठवावी लागे. दाबाखालचा खडक अकस्मात स्फोट झाल्यासारखा फुटे. लाकडाचे टेकू त्यापुढे टिकेनात, म्हणून घडीव ग्रॅनाइटच्या भिंती आणि पुढे काँक्रीट यांचे आधार रचण्यात आले. जमिनीखाली तीन किलोमीटरांवर गवंडीकाम चाले, आणि ते पाहावयास कोणी प्रवासी जाणार नव्हता.

कोलारच्या वहीत दोन रेषा एकमेकींना छेदतात. आरंभीच्या काळात एक टन खडकातून दोन-तीन तोळे सोने निघे. अखेरीस पाव-अर्धा तोळाही मिळणे कठीण झाले. उलट खोलीबरोबर पाळणे, पंखे, आधार आणि प्रवास यांचा खर्च वाढतच गेला. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या, तेव्हा जागतिक बाजारात सोन्याचा भाव औंसाला ३०० डॉलरांहून कमी होता. २०२५ साली तोच भाव ४,००० डॉलरांच्या पलीकडे गेला. खडक तोच, त्यातील सोन्याचा अंश तोच. पण २००१ साली जो निव्वळ दगड होता तो आता कदाचित धनही ठरेल. वर पडून राहिलेल्या तीन कोटी टनांहून अधिक गाळाच्या टेकड्यांतून पुन्हा सोने काढण्याच्या प्रस्तावाला कर्नाटक सरकारने २०२४ साली संमती दिली, ती याच न्यायाने. खनिज ही निसर्गाची संज्ञा नसून बाजाराची आहे, हे कोलारइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल. मात्र पंप थांबल्यावर खोल खाणीत पाणी भरले. वहीचा हिशेब पुन्हा मांडता येतो, बुडालेली गल्ली तशी सहजी परत मिळत नाही.

त्या वहीत न मावलेल्या गोष्टीही आहेत. तमिळ आणि तेलुगू मुलखांतून आलेल्या, बहुसंख्य दलित अशा कामगारांनी १९३० साली संप केला तो अंगठ्यांचे ठसे घेऊन नोंदणी करण्याच्या सक्तीविरुद्ध. मजुरी हा एकच प्रश्न असता तर हा संप समजणार नाही. आपण मोजले जाणार ते गुन्हेगारांसारखे की माणसांसारखे, असा तो प्रश्न होता. खडकाच्या धुळीने फुप्फुसे निकामी करणारा सिलिकोसिस १९४० च्या दशकातील तपासण्यांत मोठ्या प्रमाणावर आढळला. आणि याच खाणीने एक अनपेक्षित जमाही दिली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ साली तेथे, दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर, वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंचा माग काढला. इतर सर्व किरणांना अडविणारा एवढा जाड खडक त्यांना तयारच मिळाला होता. जे ओझे कामगारांच्या माथ्यावर संकट होऊन होते तेच शास्त्रज्ञांसाठी आडोसा झाले.

मजुरीच्या सदरातही असाच दुहेरी हिशेब दिसतो. कोळसाक्षेत्रात पुरुष कोळसा तोडी आणि त्याची पत्नी तो वाहून नेई. तिला ‘कामिन’ म्हणत. १९२९ च्या नियमांनी स्त्रियांचे भूमिगत काम टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले. १९४३ साली, युद्धामुळे मजूर मिळेनासे झाले तेव्हा, बंदी उठविण्यात आली. १९४६ साली ती पुन्हा लागू झाली. स्त्रीच्या सुरक्षिततेचा विचार कोळशाच्या मागणीबरोबर वर-खाली होत होता. आणि बंदीने घराची एक मिळकत गेली, तिची भरपाई कोणी केली नाही.

मागे ठेवलेल्या खांबाचे खरे मोल दोन दुर्घटनांत प्रकट झाले. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला येथे शेजारच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या कामांतून लोंढा आत फुटला आणि ३७५ माणसे बुडाली. जुन्या कामांपासून ६० मीटरांच्या आत विशेष परवानगीवाचून जाऊ नये, असा नियम आहे. हा मधला बांध म्हणजे कोळसाच. तो न काढणे हा कागदोपत्री तोटाच दिसतो. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंजच्या महावीर कोळसा खाणीतही पाणी असेच शिरले. ७१ जण अडकले. अभियंते जसवंतसिंग गिल यांनी वरून मोठे छिद्र पाडवून घेतले, त्यातून एक पोलादी कुपी खाली सोडविली, स्वतः खाली उतरले आणि ६५ जणांना एकेक करून वर पाठविले. सहा जण वाचू शकले नाहीत. त्या छिद्राचा खर्च टनामागे किती पडला, असे कोणी विचारले नाही. संकटाच्या घटकेला माणसाला हिशेबाची ही दुसरी रीत आठवते. एरवीच्या पाळ्यांत तिचा विसर पडतो.

जे वहीत उतरले नाही ते साहित्याने आपल्या परीने टिपले. हिंदीत संजीव यांनी ‘सावधान! नीचे आग है’ ही कादंबरी चासनालाच्या पार्श्वभूमीवर लिहिली. झरियाच्या कोळसाविश्वावरील इलियास अहमद गद्दी यांच्या ‘फायर एरिया’ या उर्दू कादंबरीला १९९६ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. या कृतींची थोरवी केवळ दुःखाच्या वर्णनात शोधू नये. टनामागील खर्चाच्या आकड्यात जी माणसे सरासरी होऊन विरघळतात, त्यांना त्या नावे देतात, बोली देतात, घरे देतात. हिशेबाच्या शास्त्राला सरासरीवाचून चालत नाही आणि कादंबरीला सरासरी चालत नाही. खाणीचे पूर्ण सत्य कळावयास दोघांचीही गरज आहे.

राणीगंज-झरियाच्या जुन्या वस्त्यांखाली आजही असे खांब उभे आहेत. त्यांपैकी कित्येकांचे नकाशे अपुरे आहेत, काहींचे मुळीच नाहीत. कारण नकाशा काढणे हाही एक खर्चच होता. वर रस्ता आहे, शाळा आहे, कोणाची तरी चूल पेटते आहे. खाली अंधारात, न विकला गेलेला, न जळलेला कोळशाचा एक चौकोन ते सारे पेलून उभा आहे. त्या काळच्या वहीत तो ‘हाती न आलेला माल’ म्हणून लिहिला गेला असेल. ज्यांचे घर त्यावर उभे आहे त्यांच्या लेखी मात्र त्या खाणीने मागे ठेवलेली खरी जमा तेवढीच आहे.